लिनक्सवर स्वतःची सी लायब्ररी: ऑब्जेक्ट फाइलपासून पॅकेजपर्यंत

पतसंस्थेची पावती, सोसायटीचं मेंटेनन्स बिल, देवस्थानची देणगी पावती. तिन्हींच्या तळाशी "अक्षरी रुपये" अशी एक ओळ असते. तिन्ही प्रोग्रॅम वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात, आणि १,२५,४५० चं "एक लाख पंचवीस हजार चारशे पन्नास" करणारं फंक्शन बहुतेक वेळा एकाकडून दुसऱ्याने उचललेलं असतं. पुढे एकाने त्यातली "एकोणऐंशी"ची चूक दुरुस्त केली, तरी ती दुरुस्ती बाकीच्या दोघांपर्यंत पोचत नाही. हे फंक्शन एकदाच लिहून, कंपाइल करून, कुठल्याही प्रोग्रॅमला वापरता येईल अशी लायब्ररी कशी बांधायची, ते या लेखात पायरीपायरीने पाहू. भाषा सी, यंत्रणा लिनक्स, कंपायलर जीसीसी.

मशीन कोड एका फाइलमध्ये भरणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. बाहेरच्यांना काय दिसेल, काय दिसणार नाही, आणि जे दिसेल ते किती वर्षं जसंच्या तसं ठेवायचं, हे ठरवण्यातच खरं काम आहे. म्हणून खाली आज्ञा कमी आणि निर्णय जास्त सापडतील.

आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाइप करायची. डेबियन किंवा उबुंटूवर "बिल्ड-इसेन्शियल" हे पॅकेज टाकलं की लागणारी जवळपास सगळी अवजारं येतात.

पहिली पायरी: आधी हेडर

कोड लिहिण्याआधी हेडर फाइल लिहा, म्हणजे लायब्ररीतलं काय वापरता येईल ते बाहेरच्यांना सांगणारी फाइल. आपल्या लायब्ररीचं नाव "अक्षरी", म्हणून हेडर "अक्षरी.एच". त्यात सध्या एकच फंक्शन पुरे: "अक्षरी_रक्कम". ते तीन गोष्टी घेतं: रक्कम, उत्तर लिहिण्यासाठीचा बफर (मेमरीतली राखीव जागा) आणि त्या बफरचा आकार. परत काय देतं? उत्तराला एकूण किती बाइट लागतात तो आकडा.

रक्कम साध्या "इंट"मध्ये घेऊ नका. ३२ बिटांचा इंट २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, म्हणजे जेमतेम २१४ कोटी. जिल्हा बँकेच्या ताळेबंदाला ते पुरणार नाही. "इंट६४_टी" घ्या. पुढे हा प्रकार बदलणं किती महाग पडतं ते सहाव्या पायरीत कळेलच.

बफर कुणी द्यायचा, हा दुसरा निर्णय. लायब्ररीने आत "मॅलॉक" करून, म्हणजे स्वतः मेमरी मागून, तिचा पॉइंटर (पत्ता) परत दिला, तर ती मेमरी "फ्री", म्हणजे मोकळी, कुणी करायची हा प्रश्न उरतो. शिवाय वापरणारा प्रोग्रॅम वेगळ्या भाषेत असला, तर त्याच्याकडे तेच "फ्री" असेलच असं नाही. म्हणून बफर वापरणाऱ्यानेच द्यावा. पण मराठी मजकुराला किती जागा लागेल याचा अंदाज हमखास चुकतो. "पंचवीस" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे प, अनुस्वार, च, व, दीर्घ वेलांटी आणि स असे सहा कोड पॉइंट होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट घेतो. म्हणजे १८ बाइट. म्हणूनच फंक्शनने "एकूण इतके बाइट लागतात" हे सांगायला हवं. बफर अपुरा पडला, तर वापरणारा मोठा बफर घेऊन पुन्हा हाक मारू शकतो. सी मधलं "एसएनप्रिंटएफ" याच पद्धतीने वागतं, त्यामुळे लोकांना ती नवी वाटत नाही.

प्रत्येक जाहीर नाव "अक्षरी_" ने सुरू करा. सी मध्ये नेमस्पेस नसतात, उपसर्ग हीच नावांची कुंपणं. आणि हेडरला सी प्लस प्लससाठी "एक्सटर्न सी"चं वेष्टण घाला. नाहीतर सी प्लस प्लसचा कंपायलर फंक्शनच्या नावात प्रकारांची माहिती गुंफून भलतंच नाव शोधत बसतो.

दुसरी पायरी: ऑब्जेक्ट फाइल, आणि तिच्या आत डोकावणं

कोड दोन फाइलींत ठेवू. "शब्द.सी" मध्ये ० ते ९९ चा तक्ता आहे. मराठीत एक ते नव्व्याण्णव हे आकडे कुठल्याही सरळ नियमाने जुळवता येत नाहीत, तक्ताच लागतो. "अक्षरी.सी" मध्ये कोटी, लाख, हजार, शे असे तुकडे पाडण्याचं काम आहे. "शे"चा अपवाद लक्षात ठेवा: नेमके १०० असतील तर "शंभर", पण १५० असतील तर "एकशे पन्नास". कोटींचा भाग शंभर किंवा त्याहून जास्त असला, तर त्या भागासाठी फंक्शन स्वतःलाच हाक मारतं, म्हणजे "तीनशे कोटी" बरोबर येतं.

आता कंपाइल करा:

जीसीसी -सी -एफपीआयसी -एफव्हिजिबिलिटी=हिडन अक्षरी.सी शब्द.सी

"-सी" म्हणजे कंपाइल करून थांब, लिंक करू नकोस (तुकडे एकत्र जोडू नकोस). पुढच्या दोन पर्यायांकडे चौथ्या पायरीत येऊ. "पीआयसी" ही तीन अक्षरं मोठी लिहायची, एवढं आत्ता ध्यानात ठेवा. हातात "अक्षरी.ओ" आणि "शब्द.ओ" या दोन ऑब्जेक्ट फाइली येतील.

इथे थांबून "एनएम अक्षरी.ओ" चालवाच. दिसणारी यादी म्हणजे या फाइलचं सिम्बॉल टेबल, तिच्यातल्या फंक्शनांच्या नावांची नोंद. "अक्षरी_रक्कम"समोर मोठा टी दिसेल, म्हणजे हे फंक्शन इथेच आहे आणि ते दुसऱ्या ऑब्जेक्ट फाइलींना वापरता येतं. "स्टॅटिक" म्हणून लिहिलेल्या फंक्शनसमोर लहान टी, ते या फाइलपुरतं. आणि "मेमसीपीवाय" या बाइट कॉपी करणाऱ्या सी च्या फंक्शनसमोर यू, म्हणजे "मला हे हवंय, पण माझ्याकडे नाही". लिंकरचं सगळं काम या यू ना त्यांचे टी मिळवून देण्याचं. सिम्बॉलमध्ये फक्त नाव असतं, हेही इथेच दिसतं. फंक्शन किती आर्ग्युमेंट घेतं, कुठल्या प्रकारची, यातलं काहीच सी च्या सिम्बॉलमध्ये नोंदवलेलं नसतं.

तिसरी पायरी: स्टॅटिक लायब्ररी

एआर आरसीएस लिबअक्षरी.ए अक्षरी.ओ शब्द.ओ

एवढंच. ".ए" फाइल ही ऑब्जेक्ट फाइलींची गठडी आणि सोबत सिम्बॉलची अनुक्रमणिका. प्रोग्रॅम लिंक करताना लिंकर तिच्यातले हवे तेवढेच ".ओ" उचलतो आणि त्यांची प्रत प्रोग्रॅममध्ये टाकतो. उचलताना अख्खी ".ओ" फाइल उचलतो, तिच्यातलं एक फंक्शन नाही. म्हणून मोठ्या लायब्ररीत असंबंधित फंक्शनं वेगवेगळ्या ".सी" फाइलींत ठेवलेली बरी.

नव्या माणसाचा दिवस खाणारी गोष्ट म्हणजे क्रम. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि त्या क्षणापर्यंत जे सिम्बॉल अडलेले आहेत तेवढ्यांसाठीच ".ए" उघडतो. "पावती.ओ" आधी आणि लायब्ररी मागणारा "-एलअक्षरी" हा पर्याय नंतर लिहिला तर सगळं सुरळीत. उलट लिहिलं, तर लायब्ररी वाचताना कुणीच काही मागितलेलं नसतं, म्हणून लिंकर ती सोडून पुढे जातो आणि मग "अनडिफाइन्ड रेफरन्स" अशी तक्रार करतो. लायब्ररी समोर असते, मार्ग बरोबर असतो, तरी एरर येते. अशा वेळी आधी क्रम तपासा.

चौथी पायरी: शेअर्ड लायब्ररी

जीसीसी -शेअर्ड -डब्ल्यूएल,-एसओनेम,लिबअक्षरी.एसओ.१ -डब्ल्यूएल,-झेड,डेफ्स -ओ लिबअक्षरी.एसओ.१.०.० अक्षरी.ओ शब्द.ओ

"-डब्ल्यूएल" मधला डब्ल्यू मोठा, एल लहान. त्याच्या स्वल्पविरामापुढचं सगळं लिंकरकडे जातं.

शेअर्ड लायब्ररी प्रोग्रॅममध्ये कॉपी होत नाही. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ती मेमरीत जोडतो, आणि दहा प्रोग्रॅम ती वापरत असले तरी तिच्या कोडची पानं भौतिक मेमरीत एकदाच असतात. त्यासाठी तो कोड मेमरीत कुठल्याही पत्त्यावर ठेवला तरी न बदलता चालायला हवा. "-एफपीआयसी"चं काम हेच: बाहेरच्या गोष्टींचे पत्ते कोडमध्ये न कोरता एका वेगळ्या तक्त्यातून घेणं. लोडर तो तक्ता प्रत्येक प्रोसेससाठी भरतो, कोडला हात लावत नाही.

"-झेड,डेफ्स" हवंच. शेअर्ड लायब्ररी बांधताना एखादा सिम्बॉल सापडला नाही, तरी लिंकर एरवी गप्प बसतो आणि ती भानगड वापरणाऱ्याच्या मशिनवर उघडी पडते. या पर्यायाने ती तुमच्याच मशिनवर उघडी पडते.

आता "-एफव्हिजिबिलिटी=हिडन". याच्याशिवाय स्टॅटिक नसलेलं प्रत्येक फंक्शन लायब्ररीबाहेर दिसतं. "शब्द.सी" मधलं "जोडा" नावाचं साधं मदतनीस फंक्शनही. लिनक्सवर सिम्बॉल शोधताना आधी मुख्य प्रोग्रॅममध्ये आणि मग लायब्ररींमध्ये क्रमाने शोधलं जातं, पहिलं सापडेल ते जिंकतं. पावतीच्या प्रोग्रॅममध्ये कुणी "जोडा" नावाचं स्वतःचं फंक्शन लिहून ते बाहेर दिसू दिलं असेल, तर तुमची लायब्ररी आतल्या आत त्याचं "जोडा" चालवू शकते. कंपायलर काही बोलणार नाही, लिंकरही नाही. फक्त पावतीवर भलतंच काहीतरी छापून येईल.

म्हणून सगळं झाकून घ्या आणि जाहीर करायच्या फंक्शनलाच हेडरमध्ये "व्हिजिबिलिटी डिफॉल्ट" हे ॲट्रिब्यूट लावा. मग "एनएम -डी" चालवा, इथे डी मोठा. तुमच्या फंक्शनांपैकी फक्त "अक्षरी_रक्कम" दिसायला हवं. आणखी काही दिसलं तर ते आत्ताच झाका, कारण एकदा लोकांनी वापरायला सुरुवात केली की ते तुमच्या गळ्यात पडलं.

पाचवी पायरी: एकाच फाइलची तीन नावं

शेअर्ड लायब्ररीचा हा भाग सर्वांत जास्त गोंधळाचा, आणि एकदा उमजला की सर्वांत सुंदर.

"लिबअक्षरी.एसओ.१.०.०" ही खरी फाइल. "लिबअक्षरी.एसओ.१" हे एसओनेम, खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक. "लिबअक्षरी.एसओ" हीसुद्धा सिमलिंक, पण तिची गरज फक्त लिंकरला. "-एलअक्षरी" म्हटल्यावर लिंकर आधी हेच नाव शोधतो, ते नसेल तर ".ए" घेतो.

आता मजा पाहा. लिंकर "लिबअक्षरी.एसओ" उघडतो, तिच्या पोटात लिहिलेलं एसओनेम वाचतो, आणि प्रोग्रॅममध्ये तेच नोंदवतो: "मला लिबअक्षरी.एसओ.१ लागेल". "रीडएल्फ -डी पावती" चालवून "नीडेड" असलेली ओळ बघा, तिथे हेच नाव दिसेल. उद्या तुम्ही १.०.१ काढली, जुनी फाइल काढून नवी ठेवली आणि सिमलिंक नव्या फाइलकडे वळवली, की पावती, बिल आणि देणगी हे तिन्ही प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता नवी दुरुस्ती वापरू लागतात. सुरुवातीच्या "एकोणऐंशी"चं उत्तर हे आहे. आणि मोडतोड करणारा बदल केला, तर एसओनेम ".२" करायचं. मग जुने प्रोग्रॅम ".१" वर आणि नवे ".२" वर, दोन्ही एकाच मशिनवर शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

फाइल "/यूएसआर/लोकल/लिब" मध्ये ठेवून रूटच्या अधिकाराने "एलडीकॉन्फिग" चालवा. ते एसओनेमची सिमलिंक स्वतः तयार करतं आणि लोडरची कॅश ताजी करतं. लिंकरसाठीची बिनआकड्याची सिमलिंक मात्र तुम्हीच करायची.

प्रोग्रॅम चालवताना "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल" आलं, तर लिंकर खूश आहे पण लोडरला फाइल सापडत नाहीये. एलडीकॉन्फिग राहिलं असेल, किंवा तुमच्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये ती डिरेक्टरी लोडरच्या यादीतच नसेल. चाचणीपुरतं "एलडी_लायब्ररी_पाथ" चालेल. ते लॉगिन स्क्रिप्टमध्ये कायमचं टाकू नका, त्याचा परिणाम मशिनवरच्या बाकीच्या प्रोग्रॅमांवरही होतो. प्रोग्रॅम आणि लायब्ररी एकाच फोल्डरमधून वाटायची असेल, तर लिंक करताना "आरपाथ"मध्ये (लोडरने लायब्ररी कुठे शोधायची ते प्रोग्रॅममध्येच नोंदवणारा मार्ग) "डॉलर ओरिजिन" द्या. त्याचा अर्थ "प्रोग्रॅम जिथे आहे तिथे शोध". शेलने डॉलरचं चिन्ह खाऊ नये म्हणून ते एकेरी अवतरणात लिहायचं.

सहावी पायरी: आकडा कधी वाढवायचा

सोर्स कोड पुन्हा कंपाइल होतोय, म्हणजे बदल सुरक्षित आहे, असं समजू नका. प्रश्न आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमांचा आहे. त्यांच्यात आणि लायब्ररीत बाइटच्या पातळीवर जो करार असतो त्याला एबीआय म्हणतात.

समजा दुसऱ्या आवृत्तीत तुम्ही "पर्याय" नावाचं स्ट्रक्चर आणलं, त्यात दोन इंट: सुरुवातीला "रुपये" लिहायचं का, शेवटी "फक्त" लिहायचं का. आठ बाइट. पुढच्या आवृत्तीत पैशांसाठी तिसरा इंट घातला. जुना पावती प्रोग्रॅम अजूनही स्टॅकवर आठच बाइट राखून ठेवतो, नवी लायब्ररी बारा वाचते. शेवटच्या चार बाइटमध्ये शेजारच्या व्हेरिएबलचं जे काही असेल ते "पैसे" म्हणून वाचलं जाईल. कधी बरोबर छापेल, कधी नाही. असा बग शोधणं फार जिकिरीचं. उपाय दोन: स्ट्रक्चरचा तपशील हेडरमध्ये उघड न करता फक्त पॉइंटर द्या आणि बनवण्या-मोडण्याची फंक्शनं लायब्ररीत ठेवा, किंवा स्ट्रक्चरचा पहिलाच सदस्य त्याचा स्वतःचा आकार असू द्या. मला पहिला आवडतो, त्यात वापरणाऱ्याच्या हातून चुकायला जागाच उरत नाही.

फंक्शन वाढवणं सुरक्षित. काढणं, त्याची आर्ग्युमेंट बदलणं, प्रकाराचा आकार बदलणं म्हणजे करार मोडणं. मागे म्हटलं तसं, सिम्बॉलमध्ये प्रकार नसतो, म्हणून इंटचा इंट६४ केला तरी जोडणी बिनबोभाट होते आणि उत्तर चुकतं. याचं मोठं उदाहरण २०२४ मध्ये दिसलं. वेळ साठवणारा "टाइम_टी" हा प्रकार ३२ बिटांचा असेल तर २०३८ साली भरून वाहतो. म्हणून डेबियनने बहुतेक ३२ बिटांच्या आर्किटेक्चरवर तो ६४ बिटांचा केला. तेवढ्या एका प्रकारापायी शेकडो लायब्ररी पॅकेजांची नावं बदलावी लागली. उबुंटू २४.०४ वर "लिबएसएसएल३टी६४" असं विचित्र शेपूट दिसतं, ते त्याचंच.

दुसऱ्या टोकाला जीलिबसी, बहुतेक लिनक्स डिस्ट्रिब्यूशनांची मूळ सी लायब्ररी. तिचं एसओनेम "लिबसी.एसओ.६" हे १९९७ पासून तेच आहे. ते जमतं कारण तिथे प्रत्येक सिम्बॉललाच आवृत्ती जोडलेली असते. ६४ बिटांच्या इंटेल मशिनवर तुमच्या लायब्ररीत "ऑब्जडम्प" मोठ्या टी पर्यायासह चालवलं, तर "मेमसीपीवाय"समोर "जीलिबसी_२.१४" दिसेल, कारण त्या आवृत्तीत त्याचं नवं रूप आलं. जुन्या प्रोग्रॅमांसाठी २.२.५ चं रूपही त्याच फाइलमध्ये जपलेलं आहे. याचा व्यवहारातला परिणाम: नव्या मशिनवर बांधलेली लायब्ररी जुन्या मशिनवर "व्हर्जन नॉट फाउंड" म्हणून अडते, जुन्या मशिनवर बांधलेली नव्यावर चालते. म्हणून ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रिब्यूशनवर चालायला हवं, त्यावरच बांधा. पायथनचे "मेनीलिनक्स" व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) याच तत्त्वावर बनतात. "मेनीलिनक्स२०१४" साठी सेंटओएस ७ आणि तिची जीलिबसी २.१७ हा आधार धरलेला आहे.

नवी आवृत्ती काढण्याआधी "एबीआयडिफ" हे अवजार जुन्या आणि नव्या ".एसओ"वर चालवा. फाइली "-जी" देऊन बांधलेल्या असतील, तर स्ट्रक्चरमध्ये नेमकं काय सरकलं तेही ते सांगतं.

सातवी पायरी: इतरांच्या हाती देणं

"अक्षरी.पीसी" नावाची छोटी फाइल लिहा: नाव, वर्णन, आवृत्ती, हेडर कुठे, लिंकचे पर्याय कोणते. मग वापरणाऱ्याला मार्ग पाठ करावे लागत नाहीत, "पीकेजी-कॉन्फिग"ला विचारलं की कंपायलरचे सगळे पर्याय मिळतात.

पॅकेज दोन करा. चालवणाऱ्यासाठी "लिबअक्षरी१", त्यात खरी फाइल आणि एसओनेमची सिमलिंक. बांधणाऱ्यासाठी "लिबअक्षरी-डेव्ह", त्यात हेडर, बिनआकड्याची सिमलिंक, ".ए" आणि ".पीसी". फेडोरात "डेव्ह"च्या जागी "डेव्हल". पॅकेजच्या नावातला १ हा एसओनेममधलाच, म्हणून "लिबअक्षरी२" आलं तरी दोन्ही एकत्र राहतात.

स्टॅटिक द्यावी की शेअर्ड? दोन्ही द्या, पण डिस्ट्रिब्यूशनमधल्या प्रोग्रॅमांना शेअर्डच वापरू द्या. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं सुरक्षेचं भोक उघडकीला आलं, तेव्हा शेअर्ड लायब्ररी वापरणाऱ्या सर्व्हरवर एक पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की भोक बुजत होतं. ज्या प्रोग्रॅमांच्या पोटात ती स्टॅटिक होती, ते एकेक करून पुन्हा बांधावे लागले, आणि त्याआधी असे प्रोग्रॅम कोणते हेच शोधावं लागलं. एकच फाइल कॉपी करून कुठेही चालवायची असेल, तर मात्र स्टॅटिकची सोय मोठी आहे.

आठवी पायरी: दुसऱ्या भाषेतून हाक

लायब्ररी नीट झाली का, याची सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे तिला परक्या भाषेतून वापरणं. पायथनमध्ये "सीटाइप्स" मॉड्यूल घ्या, "सीडीएलएल"ला "लिबअक्षरी.एसओ.१" हे नाव द्या, ६४ बाइटचा बफर बनवा आणि फंक्शनला हाक मारा. १०० दिल्यावर "शंभर" येईल. १,२५,४५० ला हा बफर अपुरा पडेल, परत आलेल्या आकड्यावरून किती हवा ते कळेल. त्या आकाराचा बफर घेऊन पुन्हा हाक मारा. पहिल्या पायरीतला निर्णय इथे फळाला येतो.

मग ३,००,००,००,००० टाका. उत्तर चुकेल. दोष लायब्ररीचा नाही. सीटाइप्सला ".एसओ"मधून प्रकार कळत नाहीत, म्हणून ते पायथनचा आकडा साधा सी इंट समजून ३२ बिटांत कापतं. "आर्गटाइप्स"मध्ये पहिलं आर्ग्युमेंट "सी_इंट६४", दुसरं "सी_चार_पी", तिसरं "सी_साइझ_टी" असं लिहा. परतीचा आकडाही ते एरवी इंटच धरतं, म्हणून "रेसटाइप" सुद्धा "सी_साइझ_टी" द्या. हेडरमध्ये जे होतं तेच इथे हाताने पुन्हा सांगावं लागतं. त्यासाठी लायब्ररीबरोबर एक छोटी पायथन फाइल तुम्हीच द्या, म्हणजे हे प्रकार प्रत्येकाला नव्याने लिहावे लागणार नाहीत. आता तीच रक्कम पुन्हा टाका: "तीनशे कोटी".